ऑस्करमध्ये गोरेतर चेहरे मागे का राहतात: एका सिनेमॅटोग्राफरचं उत्तर

तुम्ही एकात तीन प्रश्न विचारले आहेत. ऑस्करमध्ये कृष्णवर्णीय आणि आशियाई कलाकारांना खरोखर डावललं जातं का? ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीने आणलेले सर्वसमावेशकतेचे नियम म्हणजे एक प्रकारचं आरक्षणच झालं, त्याने गुणवत्ता मागे पडत नाही का? आणि तुमच्या कॉलेजच्या लघुपट महोत्सवाने यातून काय घ्यावं? मी बरीच वर्षं सिनेमॅटोग्राफर म्हणून काम करते आहे आणि काही महोत्सवांच्या ज्युरीवरही बसले आहे. चेहऱ्यावर उजेड टाकण्याचं आणि त्या चेहऱ्याच्या कामाला गुण देण्याचं, अशी दोन्ही कामं केली असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. हो, डावललं जातं. मात्र ते बहुतेक वेळा शेवटचं पाकीट फोडण्याच्या कितीतरी आधी घडलेलं असतं. मतदार कोणते सिनेमे बघतात, कोणाचं नाव त्यांना आठवतं, कोणाला कसली भूमिका मिळते आणि त्या भूमिकेत त्याचा चेहरा नीट दिसतो का, इथे निकाल ठरत जातो.

११ एप्रिल १९८३चा सोहळा घ्या. ‘गांधी’ला अकरा नामांकनं होती, त्यातली आठ पारितोषिकं त्याने जिंकली. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्यासह वेशभूषेचं ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्याच रात्री लुई गॉसेट ज्युनिअर सहायक अभिनेत्याच्या विभागात जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. एवढंच वाचलं तर तक्रारीला जागा दिसत नाही. पण त्याच सिनेमात कस्तुरबा साकारणाऱ्या रोहिणी हट्टंगडी यांचं काय झालं? पुण्यात जन्मलेल्या, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या या अभिनेत्रीला ब्रिटिश अकॅडमीने, म्हणजे बाफ्ताने, याच भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक मॉरीन स्टेपलटन यांच्यासह विभागून दिलं. ऑस्करच्या पाच नामांकनांत मात्र त्यांचं नाव नव्हतं. पाचही जणी गोऱ्या अमेरिकन होत्या, चांगल्या अभिनेत्री होत्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. गांधीजींची भूमिका करणाऱ्या बेन किंग्जली यांना ऑस्कर मिळालं. त्यांचं जन्मनाव कृष्णा भानजी, आणि परकं नाव कामाच्या आड येईल या भीतीने त्यांनी ते आधीच बदललेलं होतं.

एका भूमिकेवरून काही सिद्ध होत नाही, म्हणून मुख्यतः आशियाई नटसंच असलेल्या सिनेमांची ही यादी बघा. ‘द लास्ट एम्परर’ला १९८८मध्ये नऊ नामांकनं मिळाली आणि नऊच्या नऊ पारितोषिकं. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ला २००१मध्ये दहा नामांकनं. ‘स्लमडॉग मिलिअनेअर’ला २००९मध्ये दहा नामांकनं, आठ पारितोषिकं. ‘लाइफ ऑफ पाय’ला २०१३मध्ये अकरा नामांकनं, चार पारितोषिकं. ‘पॅरासाइट’ला २०२०मध्ये सहा नामांकनं आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार पारितोषिकं. या पाचही सिनेमांना मिळून अभिनयाची नामांकनं किती? शून्य. दिग्दर्शन उत्तम ठरलं, छायाचित्रण, संकलन, संगीत उत्तम ठरलं, आणि पडद्यावर दोन तास प्रेक्षकाला धरून ठेवणारी माणसं कोणालाच मोजावीशी वाटली नाहीत. ‘स्लमडॉग’च्या देव पटेल आणि मुंबईच्या फ्रीडा पिंटो या दोघांना बाफ्ताचं नामांकन होतं, ऑस्करचं नव्हतं. ‘पॅरासाइट’चं उदाहरण तर मला अजून सलतं. ऑस्करच्या काही आठवडे आधी अमेरिकेतल्या अभिनेत्यांच्याच संघटनेने त्या सिनेमाच्या संपूर्ण नटसंचाला पारितोषिक दिलं होतं. म्हणजे सगळे मिळून ते उत्कृष्ट होते, पण त्यातल्या एकाचंही नाव पाचात लिहिण्याइतकं कोणाच्या मनात ठसलं नव्हतं.

हे कसं होतं ते समजायला मतदानाची पद्धत माहीत हवी, आणि नेमकं तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. बहुतेक नामांकनं शाखेनुसार ठरतात: अभिनेते अभिनेत्यांना निवडतात, संकलक संकलकांना, आम्ही सिनेमॅटोग्राफर आमच्यातल्यांना. अंतिम फेरीत मात्र सगळे सदस्य सगळ्या विभागांत मत देऊ शकतात. नामांकनाच्या फेरीत मतदार पसंतीक्रमाने नावं लिहितो, आणि मोजणी आपल्याकडे विधान परिषदेला होते तशीच, कोटा ठरवून. पाच जागा असतील तर एकूण वैध मतांना सहाने भागायचं आणि एक मिळवायचा. समजा सहाशे मतपत्रिका आल्या, तर कोटा १०१. तेवढी मतं ज्याला पडली तो आत. साहजिकच पहिल्या पसंतीला अतोनात वजन येतं. पाचशे लोकांना एखादीचं काम ‘छानच’ वाटलं आणि सगळ्यांनी तिला चौथ्या क्रमांकावर लिहिलं, तर ती बाहेर राहू शकते. शंभर-सव्वाशे जणांनी तिला जीव तोडून पहिलं लिहिलं तर ती आत येते.

आता याच्या शेजारी लॉस एंजेलिस टाइम्सने २०१२मध्ये छापलेले आकडे ठेवा. त्या वेळी अकॅडमीचे जवळपास ९४ टक्के मतदार गोरे होते, ७७ टक्के पुरुष होते आणि मध्यम वय ६२ होतं. कृष्णवर्णीय सुमारे दोन टक्के. अशा मंडळात कोणी मनात द्वेष घेऊन बसायची गरजच उरत नाही. माणूस आपल्या आयुष्याशी जुळणारी गोष्ट पहिल्या क्रमांकावर लिहितो. ज्याच्याबरोबर काम केलं, ज्याचं नाव सहज तोंडात बसतं, ते लिहितो. सगळे एकाच वयाचे, एकाच वस्तीतले असले की सगळ्यांच्या पहिल्या पसंती एकाच दिशेला जातात.

त्याचा परिणाम २०१५ आणि २०१६मध्ये उघड दिसला. दोन वर्षं लागोपाठ अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्यांना. २०१५च्या जानेवारीत एप्रिल रेन या कृष्णवर्णीय महिलेने ‘ऑस्कर्स सो व्हाइट’ हा हॅशटॅग सुरू केला आणि तो जगभर पसरला. २०१६चे दोन तपशील मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. ‘क्रीड’चा दिग्दर्शक कृष्णवर्णीय, नायक कृष्णवर्णीय, त्या सिनेमाला एकच नामांकन मिळालं, ते सिल्व्हेस्टर स्टॅलोनला. ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ ही कृष्णवर्णीय रॅप कलाकारांची कथा. तिलाही एकच नामांकन, पटकथेचं, आणि ते मिळालेले चारही लेखक गोरे.

त्या वेळी अकॅडमीच्या अध्यक्षपदी शेरिल बून आयझॅक्स होत्या, त्या पदावरच्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. २०१६च्या जानेवारीतच त्यांच्या मंडळाने ठरवलं की २०२०पर्यंत महिला आणि गोरेतर सदस्यांची संख्या दुप्पट करायची. नव्या सदस्यांचा मताधिकार दहा वर्षांचा झाला आणि कामात सक्रिय असाल तरच तो पुढे चालणार असं ठरलं. त्या वर्षी ६८३ जणांना आमंत्रणं गेली, पुढच्या वर्षी ७७४, २०१८मध्ये ९२८. भारतातले अनेक कलाकार याच लाटेत बोलावले गेले. २०१८च्या यादीत आपल्या माधुरी दीक्षित-नेने होत्या. ठरवलेली दुप्पट २०२०मध्ये गाठली गेली.

२०१७मध्ये अभिनयाच्या वीस नामांकनांतली सात गोरेतर कलाकारांची होती. व्हायोला डेव्हिस आणि माहेर्शाला अली जिंकले. सुमारे १५ लाख डॉलरमध्ये बनलेला, कृष्णवर्णीयांची कथा सांगणारा ‘मूनलाइट’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. हे सगळं नव्या सदस्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, कारण ते सिनेमे हॅशटॅगच्या आधीपासून घडत होते. पण असे सिनेमे पूर्वीही बनत होते आणि वाऱ्यावर सुटत होते. कृष्णवर्णीय दिग्दर्शक स्पाइक ली यांच्या ‘डू द राइट थिंग’ला १९९०मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकनसुद्धा मिळालं नव्हतं. त्या वर्षी जिंकलेला ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ एका गोऱ्या वृद्धेची आणि तिच्या कृष्णवर्णीय ड्रायव्हरची गोष्ट सांगणारा होता.

भूमिकांचा प्रश्न इथेच येतो. हॅटी मॅकडॅनियल यांना १९४०मध्ये पहिलं कृष्णवर्णीय ऑस्कर मिळालं ते घरातल्या दासीच्या भूमिकेसाठी, आणि त्या रात्री हॉटेलात त्यांना आपल्या सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसावं लागलं. अभिनयाचं ऑस्कर दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला, व्हूपी गोल्डबर्ग यांना, मिळायला १९९१ उजाडलं. मुख्य अभिनेत्रीचं पारितोषिक हॅली बेरी यांना २००२मध्ये मिळालं, आणि २०२५च्या सोहळ्यापर्यंत तरी त्या विभागातल्या त्या एकट्याच कृष्णवर्णीय विजेत्या होत्या. दिग्दर्शनाचं ऑस्कर तोपर्यंत एकाही कृष्णवर्णीय दिग्दर्शकाला मिळालेलं नव्हतं. त्यासाठी नामांकन मिळालेले पहिले कृष्णवर्णीय होते जॉन सिंगलटन, १९९२मध्ये.

दुसरं एक उदाहरण मुंबईचं आहे आणि ते माझ्या कामाला फार जवळचं आहे. मर्ल ओबेरॉन १९११मध्ये मुंबईत जन्मल्या, त्यांच्या आईकडचं मूळ श्रीलंकेचं. हॉलिवूडमध्ये त्यांनी जन्मभर सांगितलं की आपण टास्मानियाच्या. १९३६मध्ये त्यांना मुख्य अभिनेत्रीचं नामांकन मिळालं, कारण सगळे त्यांना गोरी समजत होते. आज त्या विभागातलं पहिलं आशियाई नामांकन म्हणून इतिहासात त्यांचीच नोंद होते. कॅमेऱ्याच्या भिंगाजवळ लावायचा जो छोटा मऊ दिवा आम्ही अजून ‘ओबी लाइट’ म्हणतो, तो त्यांच्याच नावाचा आहे. अपघातात चेहऱ्यावर आलेले व्रण दिसू नयेत म्हणून सिनेमॅटोग्राफर ल्यूसियन बॅलार्ड यांनी तो घडवला होता. त्यांच्या चेहऱ्यासाठी एक दिवा जन्माला आला, पण आपण कुठल्या हे सांगायची सोय त्यांना नव्हती. अॅना मे वाँग यांनी आपलं चिनी असणं लपवलं नाही. ‘द गुड अर्थ’मधल्या चिनी शेतकरणीची भूमिका त्यांना मिळाली नाही, कारण नायक गोरा होता आणि दोन वंशांमधलं प्रेम पडद्यावर दाखवायला तेव्हाच्या हॉलिवूडच्या संहितेत बंदी होती. ती भूमिका लुइझ रायनर यांनी चिनी मेकअप करून केली आणि त्यांना ऑस्कर मिळालं.

उजेडाबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण हा भाग चर्चेत जवळजवळ येतच नाही. फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवण्यासाठी रिळाच्या सुरुवातीला एका स्त्रीच्या चेहऱ्याच्या काही फ्रेम जोडलेल्या असत, शेजारी करड्या आणि रंगीत पट्ट्या. ती स्त्री जवळपास नेहमी गोरी असे. स्थिरचित्रांसाठी कोडॅकची ‘शर्ली कार्ड’ होती, त्यांवरही गोरी तरुणी. तिची त्वचा बरोबर दिसली की प्रिंट बरोबर. सावळी आणि काळी त्वचा या मापात बसत नसे. गालांचा पोत नाहीसा होई, डोळे आणि दात तेवढे उठून दिसत. अभिनयातली सूक्ष्म हालचाल भुवईत, जबड्यात, ओठांच्या कडेला असते. तीच अंधारात गेली तर मतदाराने कशाला मत द्यायचं? कृष्णवर्णीय चेहऱ्यासाठी वेगळा विचार करून प्रकाश लावावा लागतो, म्हणजे थेट झोत कमी, मोठ्या पृष्ठभागावरून परतवलेला उजेड जास्त, त्वचेवर चमक राहील असा मेकअप. ब्रॅडफर्ड यंग यांचं ‘सेल्मा’मधलं काम या दृष्टीने जरूर बघा. त्या सिनेमाला २०१५मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन होतं, पण कृष्णवर्णीय दिग्दर्शिका आणि मुख्य अभिनेता दोघंही वगळले गेले, छायाचित्रणही वगळलं गेलं.

आपल्याकडेही कलर ग्रेडिंगला, म्हणजे चित्रीकरणानंतर रंग-उजेड जुळवायला, बसलं की ‘मॅडम, हिरॉइनचा चेहरा जरा उजळ करा ना’ ही विनंती ठरलेली असते. मी शक्य तिथे नाही म्हणते आणि कारण समजावून सांगते. सावळ्या मुलीला दोन छटा गोरं केलं की तिच्या चेहऱ्यावरचे भाव सपाट होतात, आणि मग तिचं काम फिकं होतं असं परीक्षक म्हणतात.

आता सर्वसमावेशकतेचे नियम. ते २०२०च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झाले आणि २०२४च्या सोहळ्यापासून लागू झाले. ते फक्त सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पात्रतेला लागू आहेत. अभिनय, छायाचित्रण, पटकथा, कुठल्याही दुसऱ्या विभागाला नाहीत. चार निकष आहेत, त्यातले कोणतेही दोन पूर्ण करायचे. पहिला पडद्यावरच्या प्रतिनिधित्वाचा, म्हणजे एखादी महत्त्वाची भूमिका, किंवा दुय्यम भूमिकांतला ठरावीक वाटा, किंवा कथाविषय. दुसरा विभागप्रमुख आणि तंत्रज्ञांचा. तिसरा सिनेमाला पैसा पुरवणाऱ्या किंवा तो वितरित करणाऱ्या कंपनीने शिकाऊ लोकांना पगारी काम आणि प्रशिक्षण देण्याचा. चौथा प्रसिद्धी आणि वितरणातल्या वरिष्ठ पदांचा. महिला, एलजीबीटीक्यू आणि अपंग व्यक्तीही यात मोजल्या जातात. तिसरा आणि चौथा निकष पूर्ण केला तर पडद्यावर एकही गोरेतर चेहरा नसताना सिनेमा पात्र ठरू शकतो. नियमांच्या पहिल्याच वर्षी ‘ओपनहायमर’ जिंकला, ज्याचा नटसंच जवळपास पूर्ण गोरा आहे.

त्यामुळे आरक्षणाशी केलेली तुलना मला चुकीची वाटते. इथे कोणासाठी एकही जागा राखलेली नाही, एकही मत कोणाला बांधून दिलेलं नाही. हा पात्रतेचा अर्ज आहे, आणि बऱ्यापैकी सैल अर्ज आहे. माझी हरकत उलट बाजूने आहे. मोठ्या स्टुडिओकडे प्रशिक्षण योजना आणि मोठा प्रसिद्धी विभाग असतो, त्यांना तिसरा-चौथा निकष सोपा जातो. स्वतंत्र निर्मात्याकडे हे काहीच नसतं, त्याला पहिल्या दोन निकषांवरच उभं राहावं लागतं. ज्यांच्या हातात दशकानुदशकं भूमिका वाटण्याचं काम होतं त्यांनाच सर्वात सोपी वाट मिळाली आहे. तरीही तंत्रज्ञांचा निकष मला मोलाचा वाटतो. हॅना बीचलर यांना कलादिग्दर्शनाचं आणि रूथ कार्टर यांना वेशभूषेचं ऑस्कर २०१९मध्ये मिळालं. त्या दोन्ही विभागांत जिंकणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. छायाचित्रणात एखाद्या स्त्रीला पहिलं नामांकन मिळालं ते २०१८मध्ये, रेचल मॉरिसन यांना. कामच मिळालं नाही तर कौशल्य कुठून दिसणार, हे माझ्या पिढीतल्या प्रत्येक कॅमेरावुमनला माहीत आहे.

निवडीची पद्धत बदलली तर काय होतं याचा उत्तम नमुना बाफ्ता आहे. २०२०मध्ये त्यांचीही अभिनयाची वीस नामांकनं पूर्ण गोरी होती. त्यांनी पुढच्या काही महिन्यांत प्रक्रिया मुळापासून तपासली: आधी लांब यादी, अभिनयात पाचाऐवजी सहा नामांकनं, ती ठरवण्यात ज्युरीचा सहभाग, आणि प्रत्येक मतदाराला वाटून दिलेले पंधरा सिनेमे बघणं बंधनकारक. २०२१मध्ये २४पैकी १६ नामांकनं गोरेतर कलाकारांना मिळाली. सिनेमे आभाळातून पडले नव्हते. ते बघितले गेले. मात्र अंतिम मत सगळ्या सदस्यांचंच राहिलं, आणि २०२३मध्ये बाफ्ताची अभिनयाची चारही पारितोषिकं पुन्हा गोऱ्या कलाकारांना गेली. त्याच वर्षी ऑस्करमध्ये आशियाई वंशाचे मिशेल योह आणि के हुई क्वान जिंकले. गोल्डन ग्लोब या अमेरिकेतल्या दुसऱ्या पारितोषिकांची कथा वेगळी. तिथे ८७ पत्रकारांच्या मंडळात एकही कृष्णवर्णीय नाही हे २०२१मध्ये छापून आलं, पुढच्या वर्षीचं प्रक्षेपण रद्द झालं, आणि २०२३मध्ये ते मंडळच बरखास्त झालं.

ऑस्करने २०२५मध्ये जाहीर केलेला नियम मला सगळ्या निकषांपेक्षा महत्त्वाचा वाटतो: अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचं तर त्या विभागातले सगळे नामांकित सिनेमे बघितलेले हवेत. इतकी वर्षं ही सक्ती नव्हती! पण ती नामांकनाच्या फेरीला लागू नाही, आणि खरी गळती तिथेच होते. तिथे अजून पैसा बोलतो. खास खेळ, मुलाखती, जाहिराती, लॉस एंजेलिसमध्ये आठवडेच्या आठवडे मुक्काम, हे सगळं केलं तरच नाव मतदाराच्या डोळ्यांसमोर राहतं. २००४मध्ये ‘श्वास’ भारतातर्फे गेला तेव्हा या प्रचारासाठी महाराष्ट्रात लोकांकडून पैसे उभे करावे लागले होते. स्टुडिओ ज्या रकमेला किरकोळ समजतो ती आपल्याकडे वर्गणीने जमवावी लागते.

तुमच्या महोत्सवासाठी, माझ्या अनुभवावरून. प्रत्येक लघुपट किमान दोन परीक्षकांनी शेवटपर्यंत बघितल्याची नोंद ठेवा. पहिल्या दोन मिनिटांत प्रवेशिका बाद करायची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. चर्चेआधी प्रत्येकाने गुण लिहून द्यावेत, नाहीतर सर्वात ज्येष्ठ माणसाच्या पहिल्या वाक्यावर खोली झुकते. परीक्षक एकाच शहराचे, एकाच संस्थेचे नकोत. अहिराणी, मालवणी, झाडीबोलीतल्या प्रवेशिका असतील तर ती बोली कळणारं कोणीतरी आत हवं, आणि उपशीर्षकांचा दर्जा आयोजकांनी आधी तपासावा. मोबाइलवर चित्रित केलेला लघुपट आणि भाड्याच्या महागड्या कॅमेऱ्यावरचा लघुपट लागोपाठ दाखवू नका, क्रम मिसळलेला ठेवा. प्रोजेक्टरचा उजेड आदल्या दिवशी सावळ्या चेहऱ्याचं एखादं दृश्य लावून तपासून घ्या. आणि परीक्षकांची नावं निकालाआधीच जाहीर करा.